बाराव्या ग्रीनचा उलटा उतार

साल होतं एकोणीसशे ब्याण्णव. थंडी सरत आली होती आणि बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत धाकटीने बाबांनी आखलेल्या गोल्फच्या मैदानावर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. रुसवाफुगवा काही नव्हता. दातांमधून सवड मिळाली नव्हती, इतकंच.

धाकटी दात बनवायची. डॉक्टर नव्हे ती. डॉक्टर लोकांच्या तोंडातले ठसे घेऊन पाठवत, ती त्या ठशांत प्लास्टर ओतून जबडा तयार करी, त्यावर मेणात दात रचून बघी आणि मग कवळी बनवी. दोन खोल्यांची कार्यशाळा, खिडकीखाली लांबलचक दगडी ओटा, त्यावर रांगेने मांडलेले जबडे. नवीन माणूस आत आला की दारातच थबकायचा. सगळे एकदम आपल्याकडे बघून हसताहेत असं वाटायचं.

त्या सकाळी ती एका कवळीला पॉलिश करत होती, तेवढ्यात थोरल्या भावाचा फोन आला.

"अगं, बारावं ग्रीन उकरताहेत!"

"कोण?"

"कोण काय कोण? क्लब. नवा सेक्रेटरी आलाय ना, त्याच्या डोक्यातून निघालंय. म्हातारे सभासद तक्रार करतात म्हणे, चेंडू थांबतच नाही. शनिवारी समिती ग्रीनवर जाऊन बघणार आणि सोमवारी बुलडोझर."

ज्यांना गोल्फची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. ज्या भोकात चेंडू घालवायचा असतो, त्याच्याभोवती गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. एका मैदानावर अशी अठरा. ग्रीन साधारणपणे खेळणाऱ्याकडे किंचित कललेलं ठेवतात, म्हणजे लांबून उडत आलेला चेंडू त्या चढावर टेकतो आणि थांबतो. बाबांच्या शेवटच्या मैदानावरची सतरा ग्रीनं अशीच होती. बारावं मात्र पाठमोरं. खेळणाऱ्यापासून दूर, मागच्या बाजूला कललेलं. चेंडू नेमका ग्रीनवर पडला तरी पाहुण्यासारखा जरा टेकायचा आणि मागच्या दाराने निघून जायचा.

हे बारावं ग्रीन म्हणजे थोरल्याचा देव. तोही बाबांसारखीच गोल्फची मैदानं आखायचा, आणि बाबांपेक्षा कितीतरी जास्त मैदानं त्याने आखली होती. परिषदांमधून तो 'उलटा उतार' या विषयावर तासतासभर बोलायचा. खेळाडूच्या अहंकाराला वडिलांनी कशी वेसण घातली, निसर्गापुढे कसं नमायला लावलं, वगैरे. आपल्या प्रत्येक मैदानावर एक ग्रीन तो न चुकता पाठमोरं ठेवायचा.

"तू आईकडे जा," थोरला म्हणाला. "माळ्यावर, कपाटात, कुठे काही सापडतंय का बघ. बाबांनी हे विचार करून केलं होतं याचा पुरावा पाहिजे मला. पुरावा नसेल तर ते चूक म्हणून मोकळे होतील आणि सपाट करून टाकतील."

"दादा, पण ते उलटं का आहे?"

"का म्हणजे? तत्त्वज्ञान होतं ते बाबांचं."

"मग बाकी सतरांत का नव्हतं?"

"तुला नाही कळायचं."

"म्हणून तर विचारतेय!"

थोरल्याने फोन ठेवला. पण धाकटीच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. बाबा असे एकदाच, एकाच ठिकाणी तत्त्वज्ञान करणारे नव्हते. ते तत्त्वज्ञानवाले नव्हतेच मुळी. ते पाणीवाले होते.

पाणीवाले म्हणजे असं की, बाबांनी उमेदवारी केली ती रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका साहेबाच्या हाताखाली. खांद्यावर साखळी टाकून रानोमाळ हिंडताना त्यांना जमिनीचं वेड लागलं. पुढे कुणीतरी गोल्फचं मैदान आखायला बोलावलं, ते चांगलं झालं, मग दुसरं मिळालं. खेळता मात्र त्यांना कधी धड आलं नाही. त्यांचा चेंडू कुठे जाईल हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळायचं. पण जमिनीवर पोटावर आडवं पडून, एक डोळा मिटून, ती कुठे किती झुकलीय हे ते बोलता बोलता सांगायचे. गाडीत कायम एक पत्र्याची झारी. ग्रीन तयार झालं की सगळ्यात उंच जागी उभं राहून झारीने पाणी ओतायचं आणि ते कुठे जातं, कुठे घुटमळतं, हे बघत बसायचं. लोकांच्या घरी चहा सांडला तर घरवाली फडकं आणायला धावायची आणि बाबा म्हणायचे, "थांबा थांबा, पुसू नका, जाऊ दे त्याला." आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

संध्याकाळी धाकटी आईकडे गेली. आई तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेली, पण बोलणं कात्रीसारखं. स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलापाशी वाटाणे सोलत बसली होती. सोललेले वाटाणे भांड्यातून निसटून टेबलभर घरंगळत पलीकडच्या टोकाला, बाबांच्या खुर्चीपुढे जमत होते. त्या घरात हे असंच चालायचं. दोन्ही मुलं लहानपणापासून बघत आली होती. पेन्सिल ठेवा, गोटी ठेवा, जे काही गोल असेल ते बाबांकडे जायचं. सूपसुद्धा वाटीत त्या बाजूला चढलेलं दिसायचं. टेबलाचे त्या टोकाचे दोन पाय एकदा नळ फुटून पाण्यात भिजत राहिले आणि खालून कुजले. सुताराने कुजलेला भाग कापून टाकला आणि उरलेले दोन पाय तेवढेच कापायला उद्या येतो म्हणून गेला. तो गेला तो गेलाच.

"काय शोधतेस?" आईने विचारलं.

"बाबांचं काही बाराव्या ग्रीनबद्दल."

"कागद नाहीत हो. कागदावर काढायचा कंटाळा त्यांना. ग्रीनचे मेणमातीचे छोटे साचे करायचे, ते मी उन्हाळ्यात पाघळले म्हणून फेकले. एक आहे बघ, केकच्या डब्यात. तेवढा राहू दे म्हणाले होते."

बिस्किटं समजून कित्येकांनी उघडून बंद केला असेल असा पत्र्याचा डबा. आत प्लायवुडच्या तुकड्यावर मेणमातीचं एक इवलंसं ग्रीन. बोटांचे ठसे अजून स्पष्ट. समोरच्या, म्हणजे खेळणारा येतो त्या कडेला काडीने कोरलेला बारा आकडा. धाकटीने ठशावर आपलं बोट ठेवून बघितलं. मग डबा काखेत मारून ती निघाली. थोरल्याला हवा होता तो पुरावा हाती आला होता. साचा पाठमोरा निघाला की काम फत्ते.

कार्यशाळेत आल्यावर तिने जबडे बाजूला सारले आणि साचा ओट्यावर ठेवला. दात बनवणाऱ्यांचा पहिला धडा असा की, ओटा अगदी समपातळीत हवा. प्लास्टर ओतताना ओटा कणभर कलला तर जबडा तिरका वाळतो, आणि मग त्यावर कितीही सुंदर दात रचा, माणूस चावायला गेला की एका बाजूने नुसती टकटक. त्यामुळे तिच्या ओट्यावर भरवसा ठेवायला हरकत नव्हती. तिने छर्‍याची एक गोळी घेतली आणि साच्याच्या मधोमध सोडली.

गोळी पुढे आली. बारा आकड्याच्या दिशेने, हळूच, शिस्तीत.

तिने परत सोडली. परत पुढे. साचा गोल फिरवून ठेवला, तरी गोळी बारा आकड्याकडेच. म्हणजे साचा सरळ होता. बाकीच्या सतरा ग्रीनांसारखाच, खेळणाऱ्याकडे कललेला.

थोरल्याच्या पुराव्याने थोरल्यालाच तोंडघशी पाडलं होतं. बाबांनी उलटं ग्रीन योजलंच नव्हतं. मग ते जमिनीवर उलटं झालं कसं?

दुसऱ्या दिवशी ती बुलडोझर काकांकडे गेली. बाबांच्या साच्यावरून मापं घेऊन माती सरकवायची, हे काम आयुष्यभर काकांनी केलं होतं. आता गावाबाहेर मुलीकडे राहायचे. एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि दुसरा कान ते स्वतःचं बोलणं ऐकायला वापरायचे.

"काका, बारावं ग्रीन उलटं कसं झालं?"

"अगं पोरी, वा! उलटं! ग्रीन असावं तर असं. मी बनवलंय."

"पण साचा सरळ आहे."

काकांचा चेहरा एकदम पडला, मग चढला. "माझं माप चुकलं म्हणतेस?"

"तसं नाही हो…"

"मी कधी अंदाजपंचे काम केलं नाही. बाराव्याच्या वेळी खाली खडक लागला, ग्रीन हलवावं लागलं. ऑफिसचं छत तेव्हा गळत होतं, म्हणून तुझ्या बाबांनी नवा साचा घरी केला. जेवणाच्या टेबलावर. मी घरी येऊन माप घेतलं. साच्याच्या दोन बाजूंना दोन विटा, विटांवर पट्टी, पट्टीवर पाणसळ. बुडबुडा मधोमध येईपर्यंत पट्टीखाली पत्ते सारले, पत्त्यांचा अर्धा जोड लागला, आणि मग पट्टीपासून खाली मोजलं. यात चूक काढून दाखव!"

"अर्धा जोड?"

"हो ना. आणि वहिनींनी चहा दिला, तो ठेवला की कप निघाला बाबांकडे. अर्धा चहा बशीत. पण माप? माप चोख!"

धाकटीच्या डोळ्यांपुढे टेबलावरून घरंगळणारे वाटाणे आले. मग तिने त्यांचे दोन्ही हात धरून हलवले आणि चहा न घेताच निघाली. काका मागून ओरडत होते, "काय झालं? अगं, काय झालं?"

आईकडे पोचल्यावर ती चपलाही न काढता स्वयंपाकघरात शिरली. टेबलावरचं सगळं उचललं, साचा मांडला. बाबा साच्याच्या नेहमी मागच्या बाजूला बसायचे, खेळणारा समोरून येताना दिसला पाहिजे म्हणून. म्हणजे ग्रीनची मागची बाजू बाबांच्या खुर्चीकडे. तिने गोळी सोडली.

गोळी घुटमळली आणि बाबांच्या खुर्चीकडे निघाली. थेट मागे. बाराव्यासारखी.

बाबांनी हात टेबलावर टेकवून, टेबलालाच जमीन धरून साचा घडवला. काकांनी पाणसळ लावून खरी पातळी धरून तो मोजला. टेबलाचा सगळा कल मापात उतरला आणि मापातून मातीत. दोघांनी आपापलं काम चोख केलं आणि ग्रीन उलटं झालं.

आई फडक्याला हात पुसत बघत होती. धाकटीने सगळं समजावलं. आईने वाकून टेबलाचे आखूड पाय बघितले.

"आई?"

"म्हणूनच!" आईने टेबलावर अशी थाप मारली की गोळी खाली पडली. "म्हणूनच मेलं हे टेबल दुरुस्त करू दिलं नाही मला!"

"म्हणजे?"

"अगं, सुतार सापडला होता शेवटी. मी धरून आणला त्याला. करवत काढून खाली बसलाही होता. तेवढ्यात तुझे बाबा आले. म्हणाले, टेबलाला हात लावायचा नाही. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. का म्हणून विचारलं तर म्हणे, मला सवय झालीय! मी पंधरा दिवस बोलले नाही त्यांच्याशी. मैदान उघडलं ना, त्याच महिन्यातली गोष्ट."

"म्हणजे त्यांना कळलं होतं."

"न कळायला काय झालं? मैदान उघडायच्या आदल्या दिवशी झारी घेऊन गेलो होतो आम्ही. सतरा ग्रीनांवर पाणी पुढे आलं, बाराव्यावर मागे गेलं. पांढरेफटक पडले. काकाला काही बोलले नाहीत, घरी पाठवलं त्याला. मग मला म्हणाले, चेंडू टाकून बघू. ते आपले उंच उडवायचे आणि चेंडू पार मागच्या झुडपात. मी कुठली उंच उडवणार? मी जमिनीलगत ढकलला. ग्रीनच्या अलीकडे टेकला, घरंगळत वर आला आणि भोकापाशी थांबला. परत ढकल म्हणाले. परत तेच. अंधार पडेपर्यंत मला ढकलायला लावलं. आणि आपण आडवे पडून बघत होते, नवीन काही दिसल्यासारखे."

"तू कधी सांगितलं नाहीस!"

"कुणी विचारलं? तो एक भाषणं देत फिरतो, आणि तू दात घासत बसतेस."

शनिवारी थोरला गाडी घेऊन आला. धाकटी पुढे बसली, आई मागे. वाटेत धाकटीने सगळं सांगितलं. थोरल्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"टेबल?" तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी आजवर… जिथे जिथे… टेबल बांधत होतो?"

"दोन पाय आखूड असलेलं," आई मागून म्हणाली.

थोरला स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसला. खांदे हलायला लागले तशी धाकटी घाबरली. मग कळलं की तो हसतोय. पण हसू ओसरल्यावर त्याचा आवाज बदलला. "हे समितीला सांगायचं नाही. सांगितलं तर संपलंच. चूक म्हटल्यावर ते एक दिवस थांबायचे नाहीत."

"आणि विचारलं तर?" धाकटी म्हणाली.

"तत्त्वज्ञान सांगेन."

"सांग हो," आई म्हणाली. "बापाने झारीभर पाण्याला कधी खोटं ठरवलं नाही. तू ठरव."

थोरल्याने परत इंजिन सुरू केलं.

बाराव्या ग्रीनवर समितीचे पाच-सहा जण कोट घालून उभे होते. सेक्रेटरी तरुण होता, पायात पॉलिश केलेले बूट, बोलणं अदबीचं पण आडपडदा नसलेलं.

"साहेब, तुमच्या वडिलांबद्दल आम्हाला आदरच आहे," तो थोरल्याला म्हणाला. "एकच सांगा. हे मुद्दाम होतं की चूक? मुद्दाम असेल तर आम्ही हात लावायचा प्रश्नच नाही. चूक असेल तर दुरुस्त करू, त्यांचंच नाव राहील."

थोरल्याने ग्रीनकडे बघितलं. वाकून त्याने गवतावर तळहात टेकवला. धाकटी मनात म्हणाली, तो बोलणार तर खोटं बोलणार, आणि ग्रीन वाचणार. नाहीतर सोमवारी बुलडोझर.

"चूक होती," थोरला म्हणाला. "आमच्या जेवणाच्या टेबलाची."

एक जण खोकला. थोरल्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. सांगता सांगता त्याचा आवाज मोकळा होत गेला. परिषदेत तो इतकं चांगलं कधी बोलला नव्हता.

"मग प्रश्नच मिटला," सेक्रेटरी म्हणाला.

"नाही मिटला," धाकटी म्हणाली. "उतार चुकून आला. पण आल्यावर त्यांनी तो बघितला, तपासला आणि राहू दिला. कवळीत एखादा दात चुकून जरा आडवा बसतो. कधी कधी मी तो तसाच ठेवते, कारण तोच खरा दिसतो. तो मग चुकीचा राहत नाही, माझा होतो."

"पण राहू का दिला? चेंडू थांबत नाही बाई इथे!"

"तुझा थांबत नसेल," आई म्हणाली. "ती काठी दे इकडे."

सेक्रेटरीने आपली काठी दिली. न देऊन सांगतो कुणाला. आई ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे जाऊन उभी राहिली, साडी खोचली आणि चेंडू ढकलला. चेंडू सुसाट निघाला, अख्खं ग्रीन ओलांडून मागच्या झुडपात गेला.

समितीतल्या एकाने हसू दाबलं.

"हसू नका. जोर जास्त झाला. वीस वर्षं झाली हातात धरून. दुसरा द्या."

दुसरा चेंडू जमिनीलगत निघाला. ग्रीनच्या अलीकडे गवतात रेंगाळला, कसाबसा कडेवर चढला, आणि आता थांबतोय असं वाटत असतानाच उताराला लागला. हळूहळू, वाटाण्यासारखा, घरंगळत गेला. भोकाशेजारी येऊन थांबला.

मग समितीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ, ज्यांनी मुळात तक्रार केली होती तेच, पुढे आले. "आम्हालाही उंच उडवणं आता जमत नाही हो," ते आईला म्हणाले. "परत एकदा दाखवता का? हात कसा धरलात?"

सेक्रेटरीने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे. एक वर्ष ठेवून बघू."

ते वर्ष संपलं तेव्हा कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. ते वयस्कर गृहस्थ आणि त्यांची टोळी आठवड्यातून एकदा तिला मैदानावर घेऊन जात, आणि ती त्यांना उघडपणे बोलणी खाऊ घालत असे. काकांना धाकटीने खरी गोष्ट सांगितली, पण त्यांनी ती बहिऱ्या कानाने ऐकली. माप चोख होतं, असं म्हणतच ते गेले, आणि ते खोटं नव्हतंच. सेक्रेटरी पुढे दुसऱ्या क्लबात गेला, आणि तिथल्या ग्रीनांचा सरळपणा त्याला अळणी वाटतो असं त्याने एकदा थोरल्याला फोन करून सांगितलं.

थोरल्याने उलट्या उतारावरची भाषणं बंद केली. तोही गाडीत झारी ठेवायला लागला. आपल्या जुन्या मैदानांवर जाऊन त्याने प्रत्येक पाठमोऱ्या ग्रीनवर पाणी ओतून बघितलं. काही बदलली, काही ठेवली. कुठली का ठेवली, हे तो कुणाला सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "मला सवय झालीय."

टेबल धाकटीकडे आलं. आता तिची नजर अधू झाली, कार्यशाळा बंद झाली, ओटाही विकला. घरी आलेला नवा माणूस वाटी ठेवतो आणि वाटी सरकायला लागली की दचकून धरतो.

"असू दे, धरू नका," धाकटी म्हणते, आणि ती कुठे जाते ते बघत बसते.